राजाची खुर्ची आणि नातीचं बारसं

आमच्या ह्यांनी विमानाला साफ नकार दिला, म्हणून मी युरोप पाहिला तो व्याही आणि विहीणबाईंसोबत. "मला जमिनीवरच राहू दे," असं म्हणून हे पुंडलिकनगरच्या घरी कुंड्यांना पाणी घालत राहिले आणि मी सहा पिशव्या, दोन व्याही आणि एक शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन निघाले. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "बाई, काय काय पाहिलं?" मी सांगते, "एक थेटर पाहिलं." समोरच्याचा चेहरा पडतो. बर्फ नाही? उंच मनोरा नाही? बर्फ नव्हताच, आणि मनोरे होते पण ते लांबून दिसले. पाहिलं ते थेटरच. ते पाहून जे झालं ते एकेकाला तोंडी सांगून माझा घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकते.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. पैठणच्या अलीकडच्या गावातून एस.टी.नं कॉलेजला यायची. बी.ए. झाले त्या दिवशी भाड्याच्या गाऊनमध्ये फोटो काढला, आणि तो फोटो आजही आमच्या बैठकीत देवांच्या तसबिरीपेक्षा एक बोट वर आहे. हे सांगायचं कारण एवढंच, की आमच्या तिघांत इंग्रजी येणारी मी एकटी होते आणि ही गोष्ट मी प्रवासभर कुणाला विसरू दिली नाही.

निघण्याआधी

माझी लेक अर्चना आणि जावई महेश, दोघं शेंद्र्याच्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. कंपनीनं दोघांना चेक देशात पाठवलं, आणि तिथंच आमची नात झाली. वेळेच्या आधी झाली. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. आता अंग धरलंय, पण वाटी जरी खाली पडली तरी दचकते आणि श्वास अडकेपर्यंत रडते. डॉक्टरांनी सांगितलं, घाबरायचं कारण नाही, फक्त काही महिने गर्दी आणि गोंगाट टाळा.

आता बापूसाहेब. हे महेशचे वडील, आमचे व्याही. पैठण तालुक्यात त्यांची ऊस, मोसंबी आणि मान अशी तीन पिकं आहेत आणि तिन्ही दरसाल येतात. सरपंच होऊन झालंय, यंदा जिल्हा परिषदेला उभं राहायचं मनात आहे. मुलगी झाली म्हणून बापू खट्टू होतील अशी आम्हाला धास्ती होती. झालं उलटंच. "लेकीच्या जन्माचं स्वागत" असा विषयच त्यांना मिळाला. अर्चना-महेश बाळाला घेऊन बारशासाठी आमच्याबरोबरच परत यायचे होते, त्या बेतानं पैठण रोडला लॉन्स ठरलं, अख्ख्या तालुक्याला आवतण गेलं, आणि बारशाचा बॅनरसुद्धा छापून तयार झाला. त्यावर बापूंचा हात जोडलेला फोटो आहे, आमदारांचा आहे, बाळाच्या नावाची जागा तेवढी मोकळी आहे. कारण नाव फक्त अर्चनाला, महेशला आणि बाळाच्या आत्याला, म्हणजे स्वातीला ठाऊक. बारशाआधी ते उच्चारायचं नाही, अशी आमच्याकडची रीत.

बापूंचं स्टेज म्हणजे काय असतं हे मला लग्नात कळलं होतं. खरं तर लग्न मुलीकडचं. पण "बाई, तुम्ही फकस्त पोरगी घेऊन या," म्हणून त्यांनी सगळं हातात घेतलं. थर्माकोलचे खांब, मागं खराखुरा धबधबा, आणि मधोमध यंत्रावर चालणारं कमळ. कमळ उमलणार आणि आतून नवरा-नवरी वर येणार. ती आली कमरेपर्यंत, आणि कमळ अडकलं. मुहूर्त टळत चालला होता, आणि माईकवाला "आत्ताच आपल्यात आगमन झालेलं आहे" असं म्हणत एकेका पाहुण्याला फेटा बांधायला वर बोलवत होता. माझी लेक अर्धी कमळात उभी राहून सगळ्यांना नमस्कार करत होती. शफीकभाई मंडपवाले खाली यंत्रापाशी बसून शांतपणे म्हणत होते, "मशीन एकदम बराबर है बापू, वजन लई झालं."

तर निघायच्या आदल्या दिवशी अर्चनाचा फोन आला.

"आई, मी तिला त्या स्टेजवर नेणार नाही. स्पीकर लावला की ती घाबरते गं."

"मग सांग ना सासऱ्याला."

"मी सांगितलं तर सून उलटून बोलली होईल. महेश बापूंपुढं तोंड उघडत नाही, तुला माहितेय. तू बोल. परतीच्या विमानात बसायच्या आत बोल, म्हणजे ते तिकडचं रद्द करतील."

मुलीची आई व्याह्याला काही सांगते तेव्हा आधी दोन वाक्यं कौतुकाची आणि नंतर दोन माफीची लागतात. मधे मुद्दा ठेवायला जागाच राहत नाही. पण मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, वर्गच्या वर्ग एका नजरेत गप्प केले. मी म्हटलं, "बोलते. त्यात काय एवढं?"

विमानात बापू खिडकीपाशी बसले होते. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "बापूसाहेब, बारशाचं जरा…" ते म्हणाले, "बाई, काळजीच नगं. तुमच्या माहेरच्यांना दुसऱ्या रांगेत सोफा ठिवलाय." मी म्हटलं, "फार छान केलंत." झालं. पहिला प्रयत्न तिथंच संपला.

लेकीचं गाव

अर्चनाच्या गावाचं नाव चार जणांनी चार वेळा सांगितलं तरी माझ्या जिभेवर बसलं नाही, म्हणून लिहीत नाही. गाव छोटं, स्वच्छ, आणि इतकं गप्प की बापूंना पहिले दोन दिवस कुणीतरी वारलंय असंच वाटत होतं. दुकानात शिरताना तिथं प्रत्येक जण मालकाला नमस्कार घालतो आणि निघताना निरोप घेतो, पण रस्त्यात अनोळखी माणसाकडे बघून कुणी हसत नाही. बापू सगळ्यांकडे बघून हात जोडायचे. लोक वाट बदलायचे.

एक गोष्ट मात्र अगदी आपल्यासारखी. घरात शिरताना चपला-बूट दारात काढतात. शेजारची म्हातारी बाळाला बघायला आली ती दारात बूट काढून, वर आमच्यासाठी घरी घालायचे मऊ जोडे घेऊन. आक्कांना ती एकदम आवडली. आक्का म्हणजे बापूंची बायको, माझी विहीण. सगळे त्यांना आक्काच म्हणतात, बापू सोडून. बापू त्यांना "महेशची आई" म्हणतात. आक्का बोलायला कमी. गेल्या गेल्या त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं ते जेवायलाच खाली ठेवलं. त्यांचा आवाजच इतका बारीक, की पोरगी त्यांच्यापाशी कधी दचकली नाही. आणि बापूंनी लांबून "काय म्हणतीय आमची वाघीण" म्हटलं की तिचे ओठ थरथरायला लागायचे. बापू हिरमुसून गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

तिथलं जेवण म्हणजे गोल पावाचे वाफवलेले काप, कोबी आणि रस्सा. कापांना ना मीठ ना मिरची. बापूंनी एक काप उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "ह्यो पाव आजारी हाय का?" आक्कांनी न बोलता पिशवीतून ठेचा काढला. ठेचा लावल्यावर मात्र ते काप असे काही लागले की महेशनं तिकडच्या मित्राला खाऊ घातले. तो मित्र घटाघटा पाणी पीत परत मागत होता.

रोज सकाळी शफीकभाईंचा व्हिडिओ यायचा. फोन उभा करून ते लॉन्स दाखवायचे, मागं त्यांचा माणूस बांबू टेकवत असायचा. अर्चना आत बाळाला थोपटत असायची आणि माझ्याकडे बघायची. मी भुवया उंचावून "आज बोलते" अशी खूण करायची. एकदा खरंच सुरुवात केली. पावाच्या कापावर चटणी वाढत म्हटलं, "बापूसाहेब, लहान मुलांना आवाज…" ते म्हणाले, "व्हय, आवाज दणकून पायजे. शफीकला म्हणलंय, चार टॉप लाव." आणि मग मलाच गळ घालू लागले, "बाई, नाव काय ठिवलंय तेवढं पोरीकडनं काढून द्या. बॅनर अडकलाय."

मी म्हटलं, "आत्या सांगेल तेव्हा कळेल."

"मी आजोबा हाय."

"आजोबांना कानात सांगत नाहीत. बाळाच्या कानात सांगतात."

थेटर

परतीला दोनच दिवस राहिले होते. महेशनं सुटी घेऊन आम्हा तिघांना एका गावी नेलं. तिथं नदीच्या वळणावर राजवाडा आहे आणि वाड्यात जुनं खासगी थेटर आहे, जसंच्या तसं राखलेलं. पेशवाईच्या काळातलं समजा. महेशला ऐन वेळी ऑफिसचा फोन आला, तो बाहेर चौकात कॉफी घेऊन बसला आणि आत आम्ही तिघंच गेलो.

दारात एक मोठी पेटी, तिच्यात कापडी जोडे. लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून प्रत्येकानं आपल्या बुटांवर ते चढवायचे. बापूंच्या पांढऱ्या बुटांवर मापाचा जोडा सापडेना. शेवटी एक सापडला तो इतका मोठा, की ते चालायचं सोडून घसरत पुढं जाऊ लागले. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा-पायजमा, खांद्यावर उपरणं आणि खाली होडीसारखे जोडे. आमच्या मागं जर्मन की कुठले पाहुणे होते, तेही घसरतच चाललेले. त्या पेटीपुढं कुणाचाच मान शिल्लक राहत नव्हता.

माहिती सांगणारी मुलगी पोरसवदा, पण शब्द चोख. ती इंग्रजीत सांगायची, मी मराठीत. सांगता सांगता माझ्या आवाजात वर्गातला सूर आला असावा, कारण बापू हात मागं बांधून उभे राहिले.

ती म्हणाली, युरोपात त्या काळच्या या थाटाला बरोक म्हणतात. राजे लोक असली थेटरं वाड्यात बांधायचे. खेळ वर्षातून एखाद्या वेळी, घरात लग्न असलं, बारसं असलं, मोठा राजा पाहुणा आला तर. तिकीट नाही, बोलावणं. आणि पाहुण्यांना नाटक दाखवायचं हे निमित्त. खरं दाखवायचं ते हे, की या घरचा धनी एका खुणेवर राजवाड्याची बाग करतो आणि बागेचा समुद्र करतो.

"म्हणजे आपल्यासारखंच," बापू म्हणाले.

आधी आम्हाला स्टेजच्या खाली नेलं. खाली म्हणजे देवगिरी किल्ल्यावरच्या अंधारीत शिरल्यासारखंच वाटलं, फक्त वटवाघळं नव्हती. मधोमध विहिरीवरच्या रहाटासारखा भला मोठा लाकडी रहाट. त्याला असंख्य दोर, आणि दोर वर रंगवलेल्या फळ्यांना बांधलेले. रहाट फिरला की दोन्ही बाजूंच्या सगळ्या फळ्या एकदम सरकतात, एक देखावा आत आणि दुसरा बाहेर, प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर. एका लांब लाकडी पेटीत गोटे भरलेले होते. ती कलंडली की ढग गडगडतात. आक्कांनी त्या पेटीला हात लावून पाहिला आणि चटकन मागं घेतला. "पोरगी असती तर दचकली असती," एवढंच म्हणाल्या.

वर दोरांना टांगलेला ढग होता. कापडाचा, गुबगुबीत, सोनेरी कडांचा. मुलगी म्हणाली, या घरात वारस जन्मला तेव्हा या ढगातून देव खाली उतरवले होते, बाळाला आशीर्वाद द्यायला.

मी हे मराठीत सांगितलं आणि लगेच पस्तावले. बापूंनी खिशातून फोन काढला, पण तिथं फोन चालत नाही म्हणून मुलीनं तो बंद करायला लावला. ते मला हळूच म्हणाले, "बाई, आत्ताच शफीकला इचारायचं व्हतं. ढग!"

देखाव्यांची चित्रंही दाखवली. दरबार, बाग, बंदर, जंगल आणि तुरुंग. तुरुंगालासुद्धा केवढाल्या कमानी आणि नक्षीचे जिने. बापू म्हणाले, "आपलं हर्सूलचं जेल काय मंग? ह्या राजाचा कैदी पण ऐटीत ऱ्हातो." मी भाषांतर केलं नाही.

खुर्ची

मग प्रेक्षकांच्या बाजूला आलो. बाकं दोन्ही बाजूंना पसरलेली, आणि मधोमध, थोड्या उंचीवर एकच खुर्ची. मूळची नव्हे, नंतर तशीच बनवलेली. मुलगी म्हणाली, ही राजाची जागा. हे सगळं रंगकाम या एका खुर्चीतल्या डोळ्यांसाठी केलंय. खांब पुढं मोठे, मागं लहान लहान, आणि सगळ्या रेषा जिथं मिळतात ते टोक या खुर्चीच्या बरोबर समोर. इथून बघितलं तर दरबार मैलभर लांब दिसतो. जसजसं बाजूला सरकाल तसतसं चित्र बिघडतं. कोण राजापासून किती लांब बसलाय, ते त्याला किती वाकडं दिसतं यावरून कळायचं.

"तुमच्यापैकी एकाला बसता येईल," ती म्हणाली. मी भाषांतर करायच्या आत बापू खुर्चीत होते.

स्टेजवर दरबाराचा देखावा लागला होता. बापू पाहत राहिले. अशी नजर मी त्यांच्या चेहऱ्यावर फक्त मोसंबीचा बाग फुटतो तेव्हा पाहिली आहे. "बाई, लई लांब चाललंय ओ हे. पार गंगेपर्यंत." पैठणकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मी कडेच्या बाकावर होते. मला काय दिसत होतं सांगू? तिरके, पडायला आलेले खांब, दोन फळ्यांमधली फट, आणि फटीतून एक टी-शर्ट घातलेला बाप्या दोर धरून जांभई देताना.

"ह्यो राजा लई हुशार," बापू म्हणाले. "आपण उगं सगळ्यांना दिसावं म्हणून स्टेज उंच करतो. आता खुर्ची मधोमध टाकायची अन् बॅकड्रॉप तिच्या मापानं रंगवायचा. महेशची आई, ये, तू पण बघ. गुडघे दुखत्यात ना, बस."

ते उठून बाजूला झाले आणि आक्का खुर्चीत बसल्या. पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले. तेवढ्यात मुलीनं काठीनं जमिनीवर टकटक केली, खालून रहाटाची करकर आली, आणि आमच्या समोर अख्खा दरबार विरघळून बाग झाली. खांब गेले, झाडं आली, कारंजं आलं. आक्का पुढं वाकल्या. हात छातीशी गेला.

बापू आता माझ्याशेजारी, कडेला उभे होते. मान वाकडी करून, टाचा उंचवायचा प्रयत्न करत पाहत होते. मोठ्या जोड्यांनी टाचा उंचावता येत नाहीत. "इथनं काय दिसत नाय," ते म्हणाले. "निस्त्या फळ्या. अन् त्यो एक गडी दिसतोय."

आक्कांनी मान न वळवता विचारलं, "लग्नात मी कुठं व्हते?"

"कोणत्या लग्नात?"

"आपल्या महेशच्या. धबधब्यापाशी, डाव्या खांबाला. तुम्हीच उभं केलतं, पाहुण्यांना वाट ऱ्हावी म्हणून. मला पाठी दिसल्या. फेट्यांचे शेमले दिसले. अक्षदा कवा पडल्या ते टाळ्या वाजल्यावर कळलं." जरा थांबून म्हणाल्या, "एकुलता एक ल्योक, त्याचं लगीन म्या फोटूत बघितलं."

बापूंनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मुलीला वाटलं काही चुकलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला इंग्रजीत म्हटलं, "घरचं आहे." तेवढं तिला पुरलं.

बाहेर येऊन नदीकाठच्या बाकावर बसलो. आक्कांनी धपाट्यांचा डबा उघडला. पहिला घास खाऊन झाल्यावर बापू म्हणाले, "बरं, मंग बारशाला तुला मधोमध सोफा टाकतो. एकदम पुढं. आमदाराच्या पण पुढं."

"सोफा नगं," आक्का म्हणाल्या. "मला पाळण्याची दोरी धरायचीय. अन् स्वाती नाव सांगंल तवा पोरगी रडाय नगं."

आता मी बोलले नसते तर माझा तो भाड्याच्या गाऊनमधला फोटो काढून माळ्यावर टाकावा लागला असता. मी कौतुकही केलं नाही आणि माफीही मागितली नाही. म्हटलं, "बापूसाहेब, पहिल्या लेकराचं बारसं आईच्या माहेरी असतं. ते आमच्याकडे पुंडलिकनगरला होईल. आतल्या खोलीत, बायका-बायकांत. स्पीकर नाही. तुम्हाला आमंत्रण आत्ता देते, घरी आल्यावर अक्षता घेऊन परत देते."

बापूंनी धपाटं खाली ठेवलं. "अन् माझी माणसं? तालुक्याला सांगून बसलोय. नात आली अन् दाखवली नाय, असं म्हणतील."

"माणसांना जेवायला बोलवा. गल्लीत मांडव घालू. फक्त आवाज करायचा नाही."

त्यांनी नदीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "बाई, तुम्हाला हसू येतं माझ्या खुर्चीचं, मला कळतं. आमचा आज्जा निजामाच्या वक्ताला सुभेदाराच्या दरबाराला जायचा, बोलावणं असायचं. पर उभा ऱ्हायचा कनातीच्या बाहीर. आत काय झालं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा. पोलीस ॲक्शन झाली, त्याच्यानंतर कवातरी माझा बाप कचेरीत खुर्चीवर बसला. गावात साखर वाटली व्हती त्या दिशी."

हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "माझा आजा त्याच कनातीचे दोर धरून उभा असायचा, पगारी. तो सांगायचा, वारा आला अन् कनात उडाली की साहेबाच्या खुर्चीमागं उष्टी ताटं रचलेली दिसायची."

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मग इतके खळखळून हसले की नदीतली बदकं उडाली आणि पुलावरच्या दोन बायकांनी वाट बदलली. "म्हंजी तुमच्या आज्याला जास्ती दिसलं म्हणा की," ते म्हणाले, आणि परत धपाटं उचललं. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी गॅलरीत त्यांचा शफीकभाईंना व्हिडिओ फोन चालला होता, आवाज मोठा करून. लांबूनच ऐकू आलं ते असं:

"शफीक, लॉन्सचं रद्द कर."

"क्या बोल्ते बापू? ढग का सामान लाको रख्या मैं, तुम्हारा मेसेज देखको."

"ढग ठिव तसाच. पुंडलिकनगरला ये. फकस्त मांडव. अन् स्पीकर आणू नको."

"स्पीकर नक्को?" पलीकडचा आवाज एकदम काळजीचा झाला. "बापू, तब्येत तो बरी है ना?"

आतल्या खोलीत अर्चनानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुंडलिकनगर

बारशाच्या दिवशी आमच्या गल्लीत शफीकभाईंचा मांडव होता. साधा म्हटला होता, तरी पांढऱ्या-गुलाबी कापडाची कमान आलीच. एक माईकही आला. "सवय है बाई," शफीकभाई मला म्हणाले, "बगैर माईक के मेरेकु कपडे नै पैने जैसा लगता. चालू नै करता." लॉन्सवर यायचे ते पुढारी, गावकरी, सोयरे सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गल्लीत. सगळ्या एकसारख्या खुर्च्या. आमचे हे सगळ्यांना पाणी देत होते आणि विमानात बसायचं नाही हे किती बरोबर होतं ते पटवत होते.

आत बायका. मधे पाळणा, पाळण्याशी आक्का, हातात दोरी. पुरुषांनी आत यायचं नाही असं मीच सांगून ठेवलं होतं. तरी खिडकीच्या गजांशी एक पांढरा झब्बा दिसलाच. बापू बाहेरून मान वाकडी करून पाहत होते. तिथून त्यांना पाळण्याचा एक पाय आणि माझ्या जावेची पाठ दिसत असणार. जास्त नाही.

गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, अगदी हळू आवाजात, जणू चोरून. स्वाती वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं. पोरगी दचकली नाही. डोळे उघडून आत्याकडे बघत राहिली, मग जांभई दिली आणि झोपली. बायकांनी स्वातीच्या पाठीत गुद्दे घालायचे असतात, तेही आम्ही हलक्या हातानं घातले.

खिडकीतून आवाज आला, "झालं का?"

"झालं," आक्का म्हणाल्या.

"काय ठिवलं?"

आक्कांनी आमच्याकडे पाहिलं आणि मानेनं दाराकडे खूण केली. बायका सरकल्या. बापू चपला काढून आत आले, पाळण्यापाशी गुडघ्यावर बसले. आक्कांनी दोरी सोडली नाही. तशाच वाकून त्यांनी नवऱ्याच्या कानात नाव सांगितलं. बापू तसेच बसून राहिले. मग उठले, एक पाऊल मागं, आणखी एक पाऊल मागं, असं करत दाराबाहेर गेले.

बाहेर सगळी गल्ली त्यांच्याकडे बघत होती. शफीकभाईंनी सवयीनं माईक पुढं केला, बटणावर अंगठा.

बापू म्हणाले, "बंद ठिव. पोरगी झोपलीय."

आणि मग ते पहिल्या खुर्चीपाशी गेले, वाकले आणि त्या माणसाच्या कानात नाव सांगितलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. आमदारांचा नंबर आला तो कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानंतर, कारण त्यांची खुर्ची त्याच्या पलीकडे होती. पंगत मांडून झाली, भाजी थंड झाली, आमच्या ह्यांनी दोनदा "चला, चला" केलं. पण बापू एकालाही सोडेनात. शेवटी शफीकभाईंच्या कानाशी गेले. शफीकभाईंनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि माईकची वायर गुंडाळत हळूच म्हणाले, "बापू, इत्ता छोटा आवाज भी है तुमकु?"